खळं उठेपर्यंत

परवा ऑफिसातून परतताना बसच्या खिडकीतून भाताच्या ओल्या पेंढ्याचा वास आला आणि मी दोन थांबे आधीच उतरलो. उतरल्यावर लक्षात आलं की आपलं इथं काही काम नाही. दोन सोसायट्यांच्या मधल्या बेचक्यात, एकीकडे पार्किंगचा पत्रा आणि दुसरीकडे 'रूम भाड्याने देणे आहे' अशी पाटी, एवढ्या जागेत कुणीतरी अजून अर्धा एकर इंद्रायणी भात राखला आहे. कापणी चालली होती. विळ्याची करकर, कापलेल्या जागेवर लगेच उतरणारे बगळे, आणि तो वास. मी बांधावर उभा राहिलो. कापणाऱ्या बाईनं मान वर करून विचारलं, "काय पायजे?"

"काही नाही."

"मग उबं का?"

प्रश्न रास्त होता. मी हसलो आणि उरलेलं अंतर चालत घरी आलो. बायकोला उशिराचं कारण सांगितलं, तर तिनं मोजे काढायला सांगितले, कारण त्यांना चिखल होता.

दरवर्षी कार्तिक-मार्गशीर्षात माझं असं होतं. मी मूळचा जालन्याकडचा. आमच्याकडे ज्वारी, बाजरी, कापूस. भात म्हणजे पंगतीत नाहीतर आजारपणात. हिंजवडीतल्या एका बांधकामाच्या ऑफिसात नकाशे काढायची नोकरी लागली आणि परवडते म्हणून जवळच्या नांदे गावात खोली घेतली, तेव्हा मी उभं भाताचं पीक पहिल्यांदा पाहिलं. ते दोन हजार चारचं साल. पिकाचा तो पिवळा रंग मला खरा वाटेना. सकाळी धुकं उतरलेलं असायचं आणि धुक्याच्या आतून तो पिवळा उजेड यायचा. मी दात घासता घासता थांबायचो आणि फेस शर्टावर पडायचा.

घरमालक तात्या, त्यांची बायको हिराकाकू, मुलगा सुभाष, सून मंदा. सुभाष डंपर चालवायचा, आठवडा आठवडा बाहेर. घरामागे चार खोल्यांची चाळ भाड्यासाठी बांधलेली, तिच्यातली पहिली माझी. तात्यांनी मला नावानं कधी हाक मारली नाही. 'जालनेकर' म्हणत, आणि तेही दिवसातून एखाद्या वेळी. फार कमी बोलायचे. काकू ती कसर भरून काढायच्या. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला सांगून ठेवलं होतं, "ह्यांचा शब्द लई जड हाय बरं का. एकदा पडला की चौघांनी उचलला तरी उठत न्हाई."

मंदावहिनी लग्नाआधी नर्सिंग शिकलेल्या. औंधाकडच्या एका दवाखान्यात नुकत्याच लागल्या होत्या, सकाळी सातच्या पाळीला. कायम व्हायला अजून तीन-चार महिने होते. माझ्याही साइटच्या ऑफिसची वेळ लवकरची, त्यामुळे आम्ही दोघं एकाच सिक्स सीटरनं जायचो. सिक्स सीटर हे त्या गाडीचं नाव होतं, त्यातल्या माणसांचा आकडा नव्हे. सहा जण तर नुसते ड्रायव्हरच्या बाजूला असायचे. एकाचा पाय दुसऱ्याच्या डब्यावर, तिसऱ्याचं कोपर चौथ्याच्या पोटात, आणि मागच्या दांडीला लोंबकळणारे वेगळेच. गाडी केव्हा येईल हे ड्रायव्हरलाही ठाऊक नसे. भरली की निघायची, इतकाच तिचा नियम.

दिवाळी होऊन आठ दिवस झाले असतील. आम्ही चढून गाडी निघाली तोच ती खड्ड्यात आदळली आणि कडेला बसलेल्या मंदावहिनी खाली पडल्या. मीच त्यांची पर्स उचलली. कोपर सोलवटलं होतं, पांढऱ्या युनिफॉर्मवर रक्त. मला वाटलं, आता या घरी परततील. त्यांनी रुमाल बांधला, गाडीत माझ्यासमोर बसल्या आणि म्हणाल्या, "भाऊजी, घरी सांगू नका हां." मी सांगितलं नाही. पण कोपर काय लपतं?

संध्याकाळी अंगणात तात्यांनी ते पाहिलं. मग म्हणाले, "उद्यापासनं जायाचं न्हाई."

"मामंजी, आता सोडली तर परत मिळायची न्हाई नोकरी."

"हात मोडला तर तो मिळंल व्हय?"

"बसचा अर्ज केलाय आमच्या बचत गटानं. बस येणार हाय."

काकू दारात परात घेऊन उभ्या होत्या, त्या तशाच उभ्या राहिल्या. शेवटी तात्या म्हणाले, "खळं उठंपत्तूर थांबतो. तवर बस आली तर जा. न्हाई आली तर घरी बसायचं."

मला तेव्हा या बोलण्याचा अर्थ नीट कळला नव्हता. शेताच्या कडेला जमीन ठोकून, सारवून जी जागा करतात ते खळं. तिथं पेंढ्या आणून झोडायच्या, वाऱ्यावर धान्य उफणायचं, मापायचं, पोत्यात भरायचं. शेवटची पेंढी झोडून झाली, रास उचलली, जागा झाडली, की खळं उठलं. म्हणजे हंगाम संपला. कॅलेंडरात त्याची तारीख नसते. पण गावात कुणालाही विचारा, कुणाचं खळं उठलं आणि कुणाचं राहिलं हे तोंडपाठ असतं. तर मंदावहिनींच्या नोकरीला ही अशी मुदत पडली.

आता बसचं सांगतो. नांद्यानं बचत गटाकडून एक अर्ज दिला होता, शेजारच्या चांदे गावानं दुसरा, आणि आमच्यासारख्या खोल्यांवाल्यांनी, कुणी लातूरचा, कुणी नगरचा, कुणी माझ्यासारखा, सह्या गोळा करून तिसरा. आगारातले साहेब वैतागले होते. त्यांनी सांगून टाकलं, "तीन अर्ज, तिघांना बस आपापल्या देवळापुढून हवी. असं नसतं. तिघं एकत्र बसा. कोण माणूस कुठं उभा राहतो, किती वाजता, कुठं जातो, हे लिहून आणा. मग पुढचं बघू."

एकत्र बसा म्हणणं सोपं. नांदे आणि चांदे ही नावं लोक एका दमात घेतात, जोडीनं, पण त्या दोन गावांना एका सतरंजीवर बसवायचं म्हणजे दोन सुगरणींना एका चुलीवर बसवण्यासारखं. ते जमवलं निवृत्तीमास्तरांनी. चांद्याचे, शाळेतून निवृत्त झालेले, अंगानं काडी, पण आवाज असा की समोरच्यानं आपोआप पाटी पुढे करावी. नांद्याच्या मारुतीच्या देवळात सगळे जमले. पहिला तास मानापमानात गेला. मग मास्तरांनी हातानं रेघा मारलेले कागद वाटले. चार रकाने. नाव, कुठं उभे राहता, किती वाजता, कुठं जाता. "परीक्षा हाय असं समजा आन मोकळी जागा सोडू नका," असं म्हणाले. आणि मला बोलावून म्हणाले, "तुमी नकाशे काढता म्हणं. मग ह्याचा एक काढा."

पुढचे पंधरा दिवस ते कागद माझ्या खोलीत येत राहिले. मी आजवर इमारतींचे नकाशे काढत आलो होतो. भिंत कुठं, दार कुठं, पाइप कुठून. माणूस त्यात कुठंच नसतो. आणि इथं माझ्या चटईवर नुसती माणसं पसरली होती. 'किती वाजता' या रकान्यात कुणी घड्याळ लिहिलंच नव्हतं. 'दूध घालून झाल्यावर.' 'नळ गेल्यावर.' 'पोरगी शाळेत गेली की.' एकीनं लिहिलं होतं, 'सासूबाई उठायच्या आत.' एका आजोबांनी लिहिलं होतं, 'हल्ली जात नाही, पण बस आली तर जाईन.' आणि 'कुठं जाता' या रकान्यात त्यांनी एकच शब्द लिहिला होता, 'बघू.'

मी एकेक कागद घेऊन घरोघरी विचारायला गेलो. दूध घालून होतं किती वाजता? नळ जातो केव्हा? लोक चहा पाजायचे आणि हसायचे, की एवढंही ठाऊक नाही. पण हळूहळू ते सगळं मी घड्याळात बसवलं, आणि एका रविवारी मोठ्या कागदावर रेघा ओढल्या. पहाटेची दुधाची रेघ, तिच्यामागून भाजीची, मग पाळीला जाणाऱ्यांची, कॉलेजच्या पोरींची, आणि रात्रपाळी करून उलट्या दिशेनं परतणाऱ्या पोरांची एक बारीक रेघ. ते पाहून मी थक्क झालो. मला वाटायचं हे झोपलेलं गाव आहे आणि आम्ही कामाला जाणारे तेवढे जागे. खरं तर आम्ही दात घासायच्या आधी अर्धा गाव कुठंतरी जाऊन परत आलेला असायचा. कुणी कुणाला सांगितलेलं नव्हतं, कुणी ठरवलेलं नव्हतं, आणि तरी रोज हे असं चालू होतं. नोकरीच्या इतक्या वर्षांत मी काढलेल्या कुठल्याही नकाशानं माझ्या अंगावर काटा आणलेला नाही. त्या एका नकाशानं आणला.

देवळात तो टांगला तेव्हा गर्दी झाली. प्रत्येकानं आपापला ठिपका शोधला, त्यावर बोट ठेवलं आणि समाधानानं मागे सरकला. मास्तरांनी चष्मा पुसून शाबासकी दिली. मी फुशारून गेलो.

आगारातल्या साहेबांनी मात्र तो पाच मिनिटांत गुंडाळून परत दिला. "काम चांगलं आहे," ते म्हणाले. "पण तुम्ही तीन थांबे दाखवलेत. चांदे फाटा, नांदे फाटा, खडीमशीन. आणि तिन्हीपैकी एकाही ठिकाणी बस थांबवावी एवढी माणसं सकाळी नाहीत. मी वर काय सांगू?" बोलण्यात चूक काढावी असं काही नव्हतं. आकडे माझेच होते. येताना मास्तरांनी ती गुंडाळी माझ्या हातात दिली आणि पुढे चालत राहिले.

इकडे झोडणी सुरू झाली होती. रविवारी मी नकाशाची गुंडाळी काखोटीला मारून तात्यांच्या खळ्यावर गेलो. का गेलो ठाऊक नाही. घरात बसवेना. खळं रस्त्यालगत, नुकतं सारवलेलं, शेणाचा आणि पेंढ्याचा वास एकत्र झालेला. तात्या एकेक पेंढी दोन्ही हातांनी धरून फळीवर आपटत होते. प्रत्येक आपटण्यासरशी दाणे सरसर उडायचे. एका बाजूला पेंढ्यांची उडवी रचलेली होती, माणसाहून उंच, आणि मी तिच्याकडे पाहत होतो. ती रोज थोडी थोडी खाली येत होती. मंदावहिनी तिथंच सूप घेऊन बसल्या होत्या. सुट्टीचा दिवस होता त्यांचा. आपल्याच मुदतीचे दाणे त्या पाखडत होत्या, आणि चेहऱ्यावर काही दिसू देत नव्हत्या.

काकूंनी हात झटकले. "बगू तरी तुमचा नकाशा. देवळात गर्दीत दिसला न्हाई मला."

मी तो जमिनीवर पसरला. वाऱ्यानं उडायला लागला म्हणून काकूंनी त्याच्या एका कोपऱ्यावर धान्य मोजायची पायली ठेवली आणि दुसऱ्यावर स्वतः बसल्या. "ह्यात आमची मंदा कुटं हाय?"

मी दाखवलं. "ही. चांदे फाटा."

"आन तुमी?"

"हा मी. खडीमशीन."

काकूंनी दोन ठिपक्यांमधलं अंतर वितीनं मोजलं. मग माझ्याकडे पाहिलं. "मग ती पडली तवा तुमी तिची पिशवी कशी उचलली? एवढ्या लांबनं?"

मी पुन्हा दोन्ही ठिपके पाहिले.

"अवो जालनेकर," काकू म्हणाल्या, "आमी त्याला चांदे फाटा म्हंतो, कारण तितनं चांद्याला जातेत. चांद्याचे त्यालाच नांदे फाटा म्हंतेत, कारण त्यास्नी तितनं आमच्याकडं यायचं असतंय. आन तुमी भाड्याची माणसं खडीमशीन म्हंता, कारण तुमास्नी मशीन दिसती. जागा एकच हाय की! माझी सासू तर म्हसोबा म्हणायची."

मंदावहिनींच्या हातातलं सूप थांबलं. तात्यांचीही पेंढी वर गेलेली तशीच राहिली. मी त्या कागदावर डोकं ठेवायचा बाकी होतो. रोज सकाळी मी मंदावहिनींच्या शेजारी उभा राहत होतो आणि कागदावर मीच त्यांना मैलभर लांब नेऊन उभं केलं होतं. का, तर रकान्यात तसं लिहिलं होतं. ज्या गावच्या माणसांनी ते लिहिलं त्यांचीही चूक म्हणवत नाही. फाट्याला फाट्याचं स्वतःचं नाव नसतं. तो जिकडे नेतो त्याचं नाव तो लावतो. घरातल्या माणसाला आपल्या घराचं नाव घ्यावं लागत नाही, पलीकडच्याचंच घ्यावं लागतं. दोन्ही गावं पिढ्यानपिढ्या एकाच दगडापाशी उभी राहत आली आणि एकमेकांच्या नावानं त्याला हाक मारत आली. मला ही गोष्ट अजूनही फार मोठी वाटते. नकाशे काढायला बसलो की कधी कधी हात थांबतो आणि वाटतं, या कागदावरही दोन ठिपके एकाच जागी असतील का?

मी तिथंच बसून तीन ठिपक्यांची बेरीज केली. तिन्ही ठिकाणची 'अपुरी' माणसं एका ठिकाणी आली आणि आकडा असा झाला की मी पुन्हा केली. मग पळत चांद्याला मास्तरांकडे गेलो.

साहेबांना कागदावर विश्वास राहिला नव्हता, आणि त्यात त्यांची चूक नव्हती. ते म्हणाले, "मी स्वतः येतो. माझ्यासमोर माणसं मोजा." मग एका सकाळी, उजाडायच्या सुमाराला, ते स्वेटर-मफलर लावून वही घेऊन फाट्यावरच्या दगडावर येऊन बसले. धुकं इतकं की दहा पावलांवरचा माणूस दिसत नव्हता. कुणीतरी मोठ्यानं मोजायला हवं होतं. मास्तर म्हणाले, "मापाला तात्याच पायजेत. खळ्यावरनं त्यांचा आवाज आमच्या चांद्यात येतो." तात्या घोंगडी पांघरून उभे होते. त्यांना नाही म्हणायला वेळच मिळाला नाही.

धुक्यातून पहिलं माणूस बाहेर आलं ते पांढऱ्या युनिफॉर्ममधलं. मंदावहिनी. कोपरावरची खपली अजून होती.

तात्यांनी आवाज दिला, "लाभ!"

साहेबांची पेन्सिल थांबली. "लाभ कोण? मी माणसं मोजायला सांगितलंय."

लोक हसायला लागले. मास्तरांनी समजावलं, की साहेब, आमच्याकडे धान्य मोजताना एक म्हणत नाहीत. पहिल्या मापाला लाभ म्हणायचं, मग दोन, मग तीन. घरात येणारं पहिलं माप ते लाभाचंच. तात्यांनी आयुष्यभर हेच मोजलं, तोंडात तेच आलं. साहेबही हसले आणि त्यांनी वहीत एकचा आकडा घातला. पण तात्या हसले नव्हते. आपण काय बोललो ते त्यांना बोलून झाल्यावर ऐकू आलं असावं. मंदावहिनींनी पदर नसलेल्या खांद्यावर उगीच हात नेला आणि मान खाली घातली. मी बाजूलाच होतो म्हणून दिसलं, त्यांचे डोळे भरले होते.

"दोन," तात्या म्हणाले. घसा साफ करून पुन्हा मोठ्यानं म्हणाले, "दोन!" तो मी होतो.

आणि मग धुक्यातून माणसं येत राहिली. नांद्याच्या वाटेनं, चांद्याच्या वाटेनं, खोल्यांकडून, डबे, किटल्या, दप्तरं, कडेवरची पोरं. तात्यांचा आवाज चढत गेला. दुरून पाय वाजायचे, मग सावली, मग माणूस, मग आकडा. एकमेकांच्या गावचे लोक एकमेकांकडे पाहत होते, की अरे, तुम्ही पण इथंच? रोज पाहिलेले चेहरे होते, पण एकत्र मोजलेले कधी नव्हते. मला वाटलं आपण काहीतरी उगवताना पाहतोय. साहेबांनी वहीचं पान उलटलं तेव्हा मास्तरांनी माझा दंड इतका घट्ट धरला की दुखला. ज्यांना वही कळत नव्हती त्यांनाही पान उलटल्याचं कळलं, आणि एक हलकी कुजबुज सगळ्यांतून फिरून गेली.

साहेब उठताना म्हणाले, "माणसं आहेत. बस वळवायला जागा नाही. ती करा, तोवर मी वर पाठवतो." जागा झाली. फाट्याशेजारी खड्ड्यांचं पडीक होतं. सुभाषनं सुट्टीच्या दिवशी डंपर आणला, मशीनवाल्यांनी मुरूम दिला, आणि तीन रविवार दोन्ही गावांनी आणि आम्ही खोल्यांवाल्यांनी पाट्या उचलल्या. माझ्या शेजारी ओळीत उभा असलेला चांद्याचा माणूस मला विचारत होता, तुमच्या जालन्यात भात का पिकत नाही? मी सांगत होतो, आणि पाटी पुढे जात होती.

पण वर पाठवलेला कागद वरच राहिला. मार्गशीर्ष संपत आला. एकेकाचं खळं उठू लागलं. सकाळी फाट्यावर जाताना मी दोन्ही बाजूंना बघायचो. आज यांचं उठलं, काल त्यांचं उठलं. झाडलेल्या खळ्यांवर चिमण्या आणि चार दाणे. तात्यांची उडवी कमी होत होत गुडघ्याएवढी झाली. मंदावहिनी सिक्स सीटरमधूनही त्या उडवीकडे वळून बघायच्या.

आणि मग एक दिवस मोजून दहा-बारा पेंढ्या उरल्या. त्या संपायला अर्धा तास पुरे होता. दुसऱ्या दिवशी त्या तेवढ्याच होत्या. तिसऱ्या दिवशीही. आठवडा झाला. पौष लागला. सगळ्या शिवारात एकट्या तात्यांचं खळं राहिलं. येणारे-जाणारे हटकायचे, "तात्या, खळं कवा उठवताय?" तात्या म्हणायचे, "उठवू की. घाई कसली?" पाखरं दिवसभर त्या पेंढ्यांवर बसलेली असायची. उंदरांनी खालून भोकं पाडली. तात्या गोफण घेऊन पिकावरची पाखरं हाकणारा माणूस, पण त्या पेंढ्यांकडे बघायचे नाहीत.

मला वाटलं त्यांची कंबर धरली असावी. एका रविवारी मी अंगणात म्हणालो, "तात्या, मी येतो मदतीला. त्या पेंढ्या आज झोडून टाकू."

तात्यांनी माझ्याकडे पाहिलं, चिलीम उचलली आणि उठून गेले. काकूंनी मला दंडाला धरून चुलीमागे नेलं. "गप बसा की वो! ते खळं उठलं की पोरीची नोकरी उठली. शब्द दिलाय त्यांनी. शब्द मोडता येत न्हाई आन तिला घरी बसवता येत न्हाई. मग माणसानं करायचं काय?"

मी चुलीमागे उभा राहिलो. काकू पुन्हा भाकरी थापायला लागल्या होत्या. मी बाहेर येऊन त्या म्हाताऱ्या माणसाच्या पाठीकडे पाहत राहिलो. रोज दुधाच्या वाटेवरचा एकेक जण त्यांना आळशी म्हणून जात होता. ज्या माणसानं हयातीत एक दाणा खळ्यात सांडू दिला नाही तो हे ऐकून घेत होता. सुनेशी या विषयावर त्यांचं एक अक्षरही बोलणं झालेलं नव्हतं. तिलाही कळलं होतं. ती रोज सकाळी खळ्यावरून जाताना चपला काढून दोन पावलं अनवाणी चालायची आणि पुन्हा घालायची. मी ते पाहिलं आणि पाहिलं नाही असं दाखवलं.

आता या रस्त्यानं इतक्या बसगाड्या जातात की कुणी मान वळवत नाही. माझ्या सोसायटीतली पोरं एक चुकली तर वैतागतात, दुसरी पाच मिनिटांत येते तरी. मी त्यांना काही सांगत नाही. त्यांना कशाला सांगायचं? त्यांच्यासाठी बस ही पाण्यासारखी आहे, नळ सोडला की यावी. असंच असायला हवं. पण माझ्या मनात अजून बस येते ती माघातल्या एका सकाळी, धुकं जरा विरळ झालेलं, आणि फाट्यावर दोन गावं नवे कपडे घालून उभी.

त्या सकाळी बसला हार घातला. पाटीवर काय नाव लिहायचं यावर आदल्या दिवशी तासभर वाद झाला होता आणि शेवटी तिन्ही नावं लिहिली होती, एकाखाली एक. मास्तर ड्रायव्हरच्या मागच्या जागेवर ताठ बसले होते. 'बघू' लिहिणारे आजोबाही आले होते, टोपी धुतलेली होती. गर्दीत मी तात्यांना शोधलं. ते नव्हते. मंदावहिनींनीही शोधलं असावं, कारण पायरीवर पाय ठेवून त्या मागे वळल्या होत्या. मग चढल्या, त्यांच्यामागून मी. खिडकीपाशी बसल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्या कामावर ऐसपैस बसून चालल्या होत्या, आणि शेजारी एक जागा मोकळी होती.

बस वळली, मुरमावर चाकं करकरली, आणि ती रस्त्याला लागली. तात्यांचं खळं त्या बाजूला होतं. सगळ्यांनी एकदमच पाहिलं. तात्या एकटे होते. घोंगडी बाजूला ठेवलेली, बाह्या सारलेल्या. त्यांनी फळी मांडली होती आणि उरलेल्या पेंढ्यांतली एक दोन्ही हातांनी डोक्यावर उचलली होती. ती त्यांनी आपटली. दुसरी घेतली, आपटली. बस हळू जात होती, ड्रायव्हर नवा होता. एकही दाणा उडत नव्हता. पाखरांनी आणि उंदरांनी महिनाभर सगळं खाऊन टाकलं होतं, त्या पेंढ्यांत काही राहिलंच नव्हतं. तरी तात्या एकेक पेंढी घेत होते, रीतीप्रमाणे तीनदा आपटत होते आणि बाजूला ठेवत होते.